फोटो कापा, पण माणूस कापू नका



या वेळी आम्ही एका लहानशा वाटणाऱ्या विषयावर लिहीत आहोत. वेबपेज तयार करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो दुरुस्त करण्याची चार-सहा साधी अवजारे असतात. फोटो कापणे, लहान-मोठा करणे, फिरवणे, उजळ करणे, ठळक करणे, एवढीच. ही अवजारे मुलांना शिकवावीत का, आणि शिकवावीत तर कशी, हा तो विषय. संगणकाच्या तासाचा विषय मुखपत्रात कशाला, असे काहींना वाटेल. परंतु शाळेच्या वेबपेजचे काम आता मोठ्या वर्गातील मुलांकडे आहे. त्यावर आपल्या घरातल्या मुलांचे फोटो जातात, आणि पुढे आपल्या आजी-आजोबांचेही जावेत अशी आमची इच्छा आहे. तेव्हा हा विषय संगणक कक्षापुरता राहिलेला नाही.

आधी थोडा इतिहास सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी वेबपेज करायला शिकले त्यांना मायक्रोसॉफ्टचे फ्रंटपेज आठवत असेल. त्यात फोटोवर क्लिक केले की एक पट्टी उघडे. त्या पट्टीत कापणे, फिरवणे, उजेड कमी-जास्त करणे, एखादा रंग पारदर्शक करणे, फोटोवर अक्षरे लिहिणे, अशी बटणे असत. मॅक्रोमीडियाच्या ड्रीमवीव्हरच्या एमएक्स २००४ या आवृत्तीत कापणे, नव्या आकारात बसवणे, उजेड व काँट्रास्ट बदलणे आणि शार्प करणे ही अवजारे आली आणि एवढ्याशा कामासाठी दुसरे सॉफ्टवेअर उघडण्याची गरज उरली नाही. पुढे २००५ मध्ये मॅक्रोमीडिया अॅडोबीने विकत घेतली, आणि फ्रंटपेज तर २००३ च्या आवृत्तीनंतर पुढे आलेच नाही. नावे बदलली. अवजारे मात्र तीच राहिली. आज वर्डप्रेसमध्ये फोटो चढवला की तिथेही कापणे, फिरवणे, उलटवणे आणि आकार बदलणे हीच बटणे दिसतात. मोबाइलमध्येही तीच आहेत.

मग पालक विचारतात, "मोबाइल हे सगळे आपोआप करतो, तर शाळेत काय शिकवायचे?" दुसरे पालक नेमके उलटे म्हणतात, "असल्या किरकोळ गोष्टींत वेळ घालवण्यापेक्षा सरळ फोटोशॉप शिकवा, मुलाला काम तरी मिळेल." आमचे दोघांनाही उत्तर एकच आहे. बटण कुठे आहे हे शिकवावे लागत नाही. बटण दाबल्यावर फोटोचे काय होते आणि फोटोतल्या माणसाचे काय होते, हे शिकवावे लागते. त्यासाठी मोठ्या सॉफ्टवेअरपेक्षा ही साधी अवजारेच बरी, कारण एकेकाचा परिणाम स्वच्छ दिसतो.

आकारापासून सुरुवात करू. आजच्या साध्या मोबाइलचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. वेबपेजवर तो ८०० बाय ६०० एवढा दिसला तरी पुरे, म्हणजे ४ लाख ८० हजार. पंचविसावा हिस्सा! आता मुले काय करतात? मोठा फोटो तसाच चढवतात आणि त्याचे कोपरे माउसने ओढून लहान करतात. डोळ्याला फोटो लहान दिसतो, पण फाइल तेवढीच राहते. पाहणाऱ्याच्या फोनवर सगळे कोटभर ठिपके उतरतात आणि मग लहान करून दाखवले जातात. म्हणजे पोतेभर गहू दळून आणायचा आणि एक पोळी लाटायची. खरोखर फाइल लहान करायची तर फोटो नव्या आकारात पुन्हा साठवावा लागतो. वीस फोटोंचे पान एका पद्धतीने ऐंशी एमबीचे होते, दुसऱ्या पद्धतीने तीन-चार एमबीचे. ज्या घरात एकच फोन आणि मोजका डेटा आहे, त्या घरच्या आईला आपल्या मुलीचे नृत्य पाहता येईल की नाही, हे या एका सवयीवर ठरते. मोडेमच्या काळात तर हे सर्वांनाच कळत होते. ५६ के मोडेम अगदी उत्तम चालला तरी सेकंदाला सात केबी उतरत, म्हणजे सातशे केबीचा एक फोटो उघडायला शंभर सेकंद लागत. आता वेग वाढला आणि काटकसर गेली.

आकार बदलताना लांबी-रुंदीचे प्रमाण कुलूपबंद ठेवावे लागते. हे कुलूप काढले तर काय होते, ते आम्ही मुलांना आपल्या वेधशाळेवरून समजावतो. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली आणि १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करविलेली ही वेधशाळा उज्जैनच्या प्रत्येक मुलाने पाहिलेली असते. तिथल्या सम्राट यंत्राची तिरपी भिंत जमिनीशी जो कोन करते, तो कोन म्हणजेच उज्जैनचा अक्षांश, सुमारे २३ अंश १० कला. आता या भिंतीचा अगदी बाजूने घेतलेला ८०० बाय ६०० चा फोटो कुणी पानाच्या पट्टीत बसावा म्हणून १२०० बाय ६०० असा ताणला, तर रुंदी दीडपट होते, उंची तशीच राहते, आणि तो कोन उतरून जवळजवळ १६ अंशांवर येतो. सोळा अंश म्हणजे कोल्हापूरच्याही दक्षिणेला! एका माउसच्या ओढीने आपण उज्जैन उचलून कर्नाटकाच्या सीमेवर नेऊन ठेवले. गणिताचे शिक्षक हा कोन फळ्यावर काढून दाखवतात. एकदा दाखवल्यावर मुले पुन्हा फोटो ताणत नाहीत. ताणलेल्या फोटोत माणसे जाडी किंवा उभट दिसतात, त्यावर मुले हसून सोडून देतात. वेधशाळेचे उदाहरण मात्र लक्षात राहते.

फोटो आडवा उलटवण्याचे एक बटण असते, आरशात दिसावा तसा. मांडणीसाठी ते मोहात पाडते, कारण पानाच्या उजव्या बाजूच्या फोटोतील माणूस आत पाहत असेल तर पान बरे दिसते. पण उलटवलेल्या फोटोत काय काय उलटते ते पाहा. डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. त्यातला फरक आणि उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे आपल्या घरांत सांगायला नको. नऊवारीचा पदर दुसऱ्या खांद्यावर जातो, तबला आणि डग्गा जागा बदलतात, पाठीमागचा फलक वाचता येत नाही. ज्या फोटोत फलक नाही, त्यात ही उलटापालट कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि तेच अधिक वाईट. म्हणून शाळेच्या पानावर हे बटण वापरायचे नाही, असा आम्ही नियमच केला आहे.

आता मुख्य अवजार, कात्री. कापणे वाईट नाही. फोटोच्या कडेला आलेली चपलांची रास, अर्धवट आलेला खांब, रिकामे आभाळ काढले की फोटो बोलू लागतो. मुलांच्या सुरक्षिततेसाठी कापणे तर आवश्यकच आहे. गळ्यातल्या ओळखपत्रावरचा फोन नंबर, फळ्यावर चिकटवलेली गुणांची यादी, घराचा पत्ता, हे पानावर जाता कामा नये. इथेही एक गोष्ट शिकवावी लागते. काही सॉफ्टवेअरमध्ये कापलेला भाग खरोखर जात नाही, फक्त झाकला जातो. वर्डच्या फाइलमध्ये फोटो कापला तरी कापलेला भाग आत शिल्लक राहतो, तो वेगळा पुसावा लागतो. २०२३ मध्ये तर गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये कापलेल्या स्क्रीनशॉटचा काढलेला भाग परत मिळवता येतो, असा दोष उघड झाला होता आणि कंपनीला दुरुस्ती द्यावी लागली होती. म्हणून कापलेला फोटो नवी फाइल म्हणून साठवायचा आणि ती पुन्हा उघडून पाहायची.

पण कात्रीने जसा खांब कापता येतो, तसा माणूसही कापता येतो. मागील एका वार्षिकोत्सवाचा समूहफोटो मुलांनी पानासाठी तयार केला. छान उजळ, नीट चौकटीत. मूळ फोटोत डाव्या कडेला शाळेच्या मावशी उभ्या होत्या आणि उजव्या कडेला घंटा देणारे शिपाईदादा. तयार फोटोत दोघेही नव्हते. मुलांना विचारले तर ती निर्मळपणे म्हणाली, "सर, चौकटीत बसत नव्हते." त्यांच्या मनात काही नव्हते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण पाहा, समूहफोटोत कडेला कोण उभे राहते? जो स्वतःला मधला मानत नाही तो. मध्ये पाहुणे, अध्यक्ष, प्राचार्य. कडेला मावशी, शिपाई, नवा आलेला विद्यार्थी, लाजाळू मुलगी. चौकट लहान केली की कात्री नेहमी त्यांच्यावरच चालते. कुणी ठरवून करत नाही, तरी दरवर्षी तेच होते, आणि पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला वाटते की ही शाळा पाहुण्यांनीच चालवली. तो फोटो आम्ही पुन्हा करवून घेतला. पानाची चौकट रुंद केली. चौकट माणसांसाठी असते.

ठरवून माणसे काढणारेही जगात झाले आहेत. सोव्हिएत रशियात स्टॅलिनसोबत कालव्याच्या काठी उभा असलेला येझोव्ह हा अधिकारी १९४० मध्ये मारला गेला, आणि नंतरच्या फोटोत त्याच्या जागी नुसते पाणी दिसू लागले. तेव्हा संगणक नव्हता, ब्रश आणि कात्रीच होती. अमेरिकेच्या नॅशनल जिओग्राफिक मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी इजिप्तच्या पिरॅमिडचा आडवा फोटो उभ्या पानात बसवताना दोन पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले. फोटोशॉप बाजारात यायला तेव्हा आठ वर्षे होती. कारण काय, तर चौकटीत बसत नव्हते! आमच्या मुलांचे आणि एवढ्या मोठ्या मासिकाचे कारण एकच निघाले. त्या मासिकावर टीका झाली ती मात्र बरीच वर्षे पुरली.

उजेड आणि काँट्रास्टचे बटण सर्वांत निरुपद्रवी वाटते, आणि आमच्या मते तेच सर्वांत नाजूक आहे. सभागृहात काळोख असेल तर फोटो उजळ करणे योग्यच. परंतु मुले पूर्ण फोटोऐवजी चेहरे उजळ करू पाहतात. सावळी मुलगी गोरी केली की फोटो "चांगला आला" असे म्हणतात. हे त्यांनी आपल्याकडूनच ऐकलेले असते. १९९४ च्या जूनमध्ये अमेरिकेत ओ. जे. सिम्प्सन या कृष्णवर्णीय खेळाडूचा पोलिसांनी काढलेला एकच फोटो टाइम आणि न्यूजवीक या दोन साप्ताहिकांनी मुखपृष्ठावर छापला. न्यूजवीकने होता तसा छापला, टाइमने काळवंडून. विक्रेत्याकडे दोन्ही अंक शेजारी-शेजारी लागले आणि सगळ्या देशाला ते दिसले. चेहरा काळा केला म्हणून तिथे आरडाओरड झाली. आपल्याकडे गोरा केला तर कुणी तक्रार करत नाही, उलट आभार मानतात. पण ज्या मुलीला शाळेच्या पानावर स्वतःचा खरा रंग सापडत नाही, तिला शाळेने काय शिकवले? शाळेच्या पानावर फोटोचा उजेड सगळ्या फोटोचा बदलेल, एका चेहऱ्याचा नाही.

शार्प करण्याच्या बटणाबद्दल एक गैरसमज आहे की त्याने हललेला फोटो स्पष्ट होतो. तसे नाही. ते फक्त कडा गडद करते. जे कॅमेऱ्यात आलेच नाही ते कुठून येणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! आणि इथे आजची नवी अडचण सुरू होते. कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी अवजारे आडात नसलेले पाणीही पोहऱ्यात दाखवतात. धूसर चेहरा दिला की डोळे, पापण्या, दात सगळे घडवून देतात. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग भरतात. आपल्या समाजातही पणजी-आजींचे असे रंगवलेले फोटो आता घरोघरी फिरू लागले आहेत. पाहायला सुंदर असतात, पण त्या नऊवारीचा जांभळा रंग यंत्राने अंदाजाने ठरवलेला असतो. काळ्या-पांढऱ्या फोटोत तो रंग नोंदलेलाच नव्हता. लुगडे कदाचित हिरवे असेल. ज्यांना ते आठवत होते त्यांना विचारायचे राहून गेले, आणि आता नातवंडे जांभळाच रंग खरा मानतील. रंगवू नका असे आम्ही म्हणत नाही. हौसेला मोल नाही. परंतु रंगवलेल्या फोटोखाली "रंग नंतर भरलेले" एवढे तीन शब्द लिहा, आणि मूळ फोटो शेजारी ठेवा.

मूळ जपणे हा आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. जुन्या काळी फोटोची एक निगेटिव्ह असे आणि तिच्यावरून छापलेल्या प्रती असत. प्रत कापली, रंगवली, चुरगळली तरी निगेटिव्ह राही. आपल्या शेजारच्या इंदूरमध्ये बांधकाम खात्यात नोकरी करता करता फोटोग्राफर झालेले राजा दीनदयाळ यांच्या काचेच्या अडीच हजारांहून अधिक निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. सव्वाशे वर्षांनंतरही त्या पाहता येतात, कारण निगेटिव्ह आणि प्रत या दोन वेगळ्या वस्तू होत्या. संगणकात हा फरक पुसला गेला. फाइल हीच निगेटिव्ह आणि फाइल हीच प्रत. कापून "सेव्ह" दाबले की कापलेला भाग गेला. ड्रीमवीव्हर तर कापण्यापूर्वी सूचनाच देत असे की हा बदल फोटोत कायमचा होईल. पण सूचना वाचतो कोण? आपण सगळे "ओके" दाबणारे! वर्डप्रेसमध्ये मूळ फोटो परत आणण्याची सोय आहे, हे चांगले आहे, पण प्रत्येक सॉफ्टवेअर तेवढे दयाळू नसते. शिवाय जेपेग प्रकारची फाइल बदल करून साठवली की दर वेळी तिच्यातले काही बारकावे गळतात. दहा वेळा उघडून दुरुस्त करून साठवलेला फोटो, दहा वेळा झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसा होतो.

मूळ जपणे म्हणजे काय, हे आपल्या गावाने देशाला दाखवले आहे. डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर आपल्या उज्जैनचे. १९५७ मध्ये त्यांनी भीमबेटकाची शैलचित्रे जगापुढे आणली, १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २००३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, भीमबेटका जागतिक वारसा यादीत आले. मुलांना आम्ही सांगतो की वाकणकर स्वतः चित्रकार होते. त्या गुहांमध्ये एका काळातील चित्रावर दुसऱ्या काळातील चित्र काढलेले आहे. रानरेड्यावर घोडेस्वार, एकावर एक असे थर आहेत. चित्रकाराचा हात म्हणेल, ही गर्दी थोडी मोकळी करू, हा तुटलेला पाय पुरा करू. परंतु असे केले तर कोणते चित्र खाली आणि कोणते वर, म्हणजे कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे, हेच हरवेल. तुटलेला पाय तुटलेलाच उतरवावा लागतो. ज्याला पुरा पाय काढता येतो त्यानेच तो तुटलेला ठेवणे, यात खरा संयम आहे. संगणक कक्षातल्या आमच्या मुलांच्या हातीही आता पुरा पाय काढून देणारे यंत्र आले आहे. म्हणून त्यांना हा संयम अधिक लागेल.

फोटोबरोबर शब्दांचीही गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्वी संगणकावर देवनागरी नीट उमटत नसे. कृतिदेव किंवा तसाच फाँट ज्याच्याकडे नसे त्याला पानावर अगम्य चिन्हे दिसत. म्हणून लोक मराठी मजकूर फोटोवर लिहून चित्र म्हणूनच चढवत. त्या काळी तो उपाय होता. आता युनिकोड सर्वत्र आहे, मोबाइलवर देखील, तरी सवय गेलेली नाही. सूचना, निमंत्रणे, अगदी शोकसंदेशही आपण चित्र करून पाठवतो. चित्रातला मजकूर शोधल्यास सहज सापडत नाही, आणि दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तिथे बहुधा अडते. त्यासाठी प्रत्येक फोटोमागे एक वर्णनाची ओळ लिहिण्याची जागा सॉफ्टवेअरमध्ये असते. मुले ती रिकामी सोडतात किंवा तिथे "आयएमजी शून्य शून्य चार" असेच राहू देतात. आमचा आग्रह आहे की ती ओळ मराठीत लिहावी. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी आम्ही घरी आईकडून आणि पुढे शाळेच्या कामातून राखली. म्हणून आम्हाला ठाऊक आहे की हिंदी वातावरणात 'टिळक' चे 'तिलक' व्हायला आणि 'ळ' चा 'ल' व्हायला वेळ लागत नाही. आठवीच्या मुलाने "डावीकडून तिसऱ्या, हातात आरतीचे तबक घेतलेल्या, इनामदारांच्या वाड्यातल्या काकू" अशी एक ओळ लिहिली, तर संगणकाचा आणि मराठीचा असे दोन्ही तास झाले, असे आम्ही समजतो.

काही पालकांचे म्हणणे आहे की इतके नियम केले तर मुलांची कल्पकता मरेल. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. कल्पकतेसाठी जागा हवीच. गॅदरिंगचे भित्तिपत्रक, गणेशोत्सवाचे निमंत्रण, हस्तलिखिताचे मुखपृष्ठ, इथे मुलांनी हवे ते कापावे, जोडावे, आभाळ हिरवे करावे. पाहणाऱ्याला माहीत असते की ही सजावट आहे. परंतु ज्या फोटोखाली आपण "वार्षिकोत्सवातील समूह" असे लिहितो, तो पुरावा आहे. सजावट आणि पुरावा यांतला फरक दहावीपर्यंत मुलाला कळला, तर पुढे त्याला कोणते सॉफ्टवेअर मिळेल याची आम्हाला चिंता नाही. तो स्वतः खोटे चित्र करणार नाही, आणि दुसऱ्याने केलेले मोबाइलवर आले तर पुढे पाठवण्यापूर्वी क्षणभर थांबेल.

तेव्हा शाळेच्या पानासाठी आम्ही हे पाच नियम लावले आहेत.

१. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये राहील. त्याला कुणी हात लावणार नाही. सगळे बदल प्रतीवर.

२. समूहफोटोतून माणूस कापायचा नाही. चौकट बदला.

३. प्रमाण ताणायचे नाही, फोटो उलटवायचा नाही, चेहऱ्याचा रंग बदलायचा नाही.

४. मुलांचे फोन नंबर, पत्ते, गुणपत्रिका फोटोत असतील तर त्या कापायच्याच, आणि फोटो पालकांच्या संमतीनेच लावायचा.

५. प्रत्येक फोटोखाली वर्ष, प्रसंग आणि मराठीत एक ओळ. काही बदल केला असेल तर तोही लिहायचा.

आता आपणाकडे एक मागणे. शिंदेशाहीपासून आपली घरे या गावात आहेत. महाकालाच्या मंदिराचा अठराव्या शतकातील जीर्णोद्धार राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकरांनी केला, आणि गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधविले. या गोष्टी इतिहासात लिहिलेल्या आहेत, त्या जाणार नाहीत. पण वाड्याच्या ओसरीवर बसलेले आजोबा, मंगळागौरीच्या खेळात फुगडी घालणाऱ्या लेकी, रामघाटावर सिंहस्थात आलेल्या नातलगांसाठी मांडलेली पंगत, हे कुठेही लिहिलेले नाही. ते एखाद्या पत्र्याच्या ट्रंकेत, एकाच फोटोत आहे. मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला गेली. वाडे विकले जात आहेत. ट्रंक आवरताना तो फोटो रद्दीत जाईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे कुणी हौसेने मोबाइलवर त्याचा फोटो काढील, आजोबांचा चेहरा तेवढा कापून घेईल, रंगवील आणि मूळ टाकून देईल. आजोबांच्या शेजारी कोण बसले होते, हे मग कुणालाच कळणार नाही.

२०२८ मध्ये पुन्हा सिंहस्थ आहे. तोपर्यंत आपल्या समाजाच्या जुन्या फोटोंचे एक पान तयार व्हावे, अशी योजना आहे. आपल्याकडचा फोटो शाळेत आणा. आपल्या देखत स्कॅन करून त्याच वेळी परत देऊ. फाटलेला असेल तर फाटलेला आणा, पिवळा असेल तर पिवळा. फक्त घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून, फोटोत डावीकडून उजवीकडे कोण कोण आहे, ते एका कागदावर लिहून आणा. कडेला उभा असलेला गडी, दाराआडून डोकावणारी मुलगी, यांचीही नावे विचारा. संगणकाचे काम आमची मुले करतील. नावे सांगण्याचे काम मात्र कुठलेही सॉफ्टवेअर करू शकत नाही, आणि ज्यांना ती सांगता येतात त्यांची वये आता ऐंशीच्या पुढे आहेत. तेव्हा येत्या रविवारीच विचारा.

आपले,
प्राचार्य